गासडीमागे एक रुपया

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी आहे. घर बांधणे किती कठीण, हे ज्याने बांधले त्यालाच कळते, असा तिचा आशय. परंतु ही म्हण ज्यांना लागूच पडत नाही, असा फार मोठा वर्ग प्रत्येक शहरात असतो. तो दुसऱ्यांची घरे, दुकाने व कारखाने बांधतो, ते चालवतो, झाडतो आणि रात्री राखतो. पण स्वतःचे घर बांधण्याची वेळ त्याच्या आयुष्यात बहुधा येतच नाही. शहराचे या माणसांवाचून एक दिवसही चालत नाही. तरीही त्यांनी राहावे कोठे, या प्रश्नावर शहर बराच काळ मौन धरून बसते. ज्या शहरांनी हे मौन मोडले त्यांनी घरांसाठी पैसा कोठून उभा केला आणि त्या पैशाचे पुढे काय झाले, हे विद्यार्थी मित्रांना व त्यांच्या पालकांना सोप्या रीतीने सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या पिरनवाडीचेच उदाहरण घेऊ. बेळगावहून खानापूरकडे निघाले की उद्यमबाग लागते, मग आपले गाव आणि पुढे मच्छे. या रस्त्याच्या आजूबाजूस फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, लहानमोठे कारखाने आहेत. सकाळी आसपासच्या खेड्यांतून सायकलींवर, मोटारसायकलींवर आणि बसने माणसे कामावर येतात. ज्यांचे गाव लांब आहे ते येथेच एखादी खोली भाड्याने घेऊन राहतात. आता असे समजा की, या रस्त्यावर उद्या एक मोठा कारखाना किंवा मोठे व्यापारी संकुल उभे राहिले. लगेच दोन गोष्टी घडतील. पहिली, तेथे काम करण्यासाठी शेकडो माणसे येतील व त्यांना राहावयास जागा लागेल. दुसरी, आजूबाजूच्या जमिनीचा भाव वाढेल आणि त्याबरोबर खोलीचे भाडे व डिपॉझिटही वाढेल. म्हणजे ज्या कारणाने जागेची गरज वाढते, त्याच कारणाने जागा महाग होते. नफा एका बाजूस पडतो आणि अडचण दुसऱ्या बाजूस. या दोन बाजू एकमेकींस जोडण्याचा जो उपाय, तोच आमच्या लेखाचा विषय आहे. व्यापारी बांधकामाकडून किंवा व्यापाराकडून ठराविक आकार घ्यावयाचा आणि त्यातून कष्टकऱ्यांना परवडतील अशी घरे उभारावयाची, हे त्याचे सार.

ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या बाजारपेठांत मालाच्या गोणीमागे ‘धर्मादाय’ म्हणून काही पैसे बाजूला काढण्याची चाल होती व त्यातून धर्मशाळा, पांजरपोळ यांसारख्या संस्था चालत. मात्र धर्मादाय आणि हा आकार यांत एक महत्त्वाचा भेद आहे. धर्मादायाच्या मुळाशी दया असते. देणाऱ्याने दिले तर पुण्य, न दिले तर त्याला कोणी विचारीत नाही. या आकाराच्या मुळाशी हिशेब असतो. ‘तुमच्या उद्योगामुळे शहरावर इतका भार पडला, त्यातील इतका वाटा तुम्ही उचला,’ असे शहर त्या उद्योगास सांगते.

हा हिशेब आपल्या देशात ठळकपणे मांडला गेला तो मुंबईस. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीतील अंधाऱ्या, कोंदट खोल्यांकडे सरकारचे लक्ष गेले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, जुन्या वस्त्या पाडल्या आणि काही चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब कित्येक वर्षे राहत होते. पण पाडलेल्या जागेच्या मानाने नवी जागा अपुरी पडली. इकडे कापडाच्या गिरण्या भरभराटत होत्या. कोकणपट्टीपासून सातारा-कोल्हापूरपर्यंत आणि आपल्या बेळगाव भागातूनही माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरीत होती. एका गावचे पंधरा-वीस जण मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रात्रपाळीचा त्याच जागी अंथरूण पसरी. सामान वळकटीएवढे आणि जागाही वळकटीएवढीच, अशी ही राहणी होती.

पहिल्या महायुद्धानंतर जॉर्ज लॉइड हे मुंबईचे गव्हर्नर असताना, १९२० साली, सरकारने ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे नवे खाते उघडले. याच खात्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीडीडी चाळी’ हे नाव पुढे रूढ झाले. कामगारांसाठी एकेका खोलीची ५०,००० बिऱ्हाडे बांधावयाची, असा या खात्याचा संकल्प होता. एवढ्या कामास पैसा कर्ज काढून उभारावयाचा होता. परंतु कर्ज फेडावयाचे तर भाडे चढे लावावे लागणार आणि चढे भाडे कामगारास झेपणार नाही, ही अडचण उघड होती. खर्चाच्या मानाने येणारे भाडे आणि कामगार देऊ शकेल ते भाडे यांत जी तूट पडणार, ती भरून काढण्यासाठी सरकारने एक मार्ग काढला. मुंबई शहरात येणाऱ्या कच्च्या कापसावर दर गासडीस एक रुपया नगरशुल्क बसविण्यात आले. ज्या कापसाच्या धंद्यावर मुंबई श्रीमंत झाली आणि ज्या धंद्याने कामगार मुंबईत ओढून आणला, त्याच धंद्याने कामगाराच्या छपरासाठी गासडीमागे एक रुपया द्यावा, हा त्यामागील विचार होता. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचा हा विचार आजही आम्हास न्यायाचा वाटतो.

विचार न्यायाचा असला तरी त्याचे फळ मात्र अपुरे निघाले. नायगाव, शिवडी, वरळी व डिलाईल रोड येथे तळमजला अधिक तीन मजले अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. एका इमारतीत ८० खोल्या आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे सगळ्या मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या. पन्नास हजारांचा संकल्प एक-तृतीयांशावरच थांबला. युद्धानंतरच्या काळात बांधकामाचे साहित्य महागले होते. सिमेंट-काँक्रीटच्या या इमारतींस अपेक्षेहून फार अधिक खर्च आला आणि भाडे खाली आणूनही ते अनेक कामगारांच्या आवाक्याबाहेर राहिले. त्यातून वरळीच्या चाळी गिरण्यांपासून दूर होत्या. आसपास बाजार नव्हता, दिवाबत्तीची आबाळ होती. परिणामी, एकीकडे जुन्या चाळींत माणसे दाटीने राहत होती आणि दुसरीकडे नव्या चाळींतील कित्येक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडल्या होत्या. पुढे कायदेभंगाच्या चळवळीत सत्याग्रही कैद्यांना ठेवण्यास तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला. कामगारांच्या घरांसाठी जमविलेल्या पैशातून उभ्या राहिलेल्या भिंती अशा रीतीने उपयोगास आल्या!

या इतिहासातून जे शिकावयाचे ते असे की, पैसा गोळा करणे हे अर्धेच काम आहे. घर कामाच्या ठिकाणापासून किती दूर आहे, त्याचे भाडे पगाराच्या कितव्या हिश्शात बसते आणि तेथे पाणी, दिवा, बाजार व वाहन आहे की नाही, यांवर उरलेले अर्धे काम अवलंबून असते. हे मात्र खरे की, त्या चाळी पुढे भरल्या, गजबजल्या आणि शंभर वर्षे त्यांनी हजारो मराठी कुटुंबांना आसरा दिला. आता त्यांच्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम चालू असून, वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

मुंबईने मालावर आकार बसविला. पुढे अमेरिकेतील शहरांनी तो इमारतीवर बसविला. १९८० च्या सुमारास तेथील मोठ्या शहरांत कचेऱ्यांच्या गगनचुंबी इमारती झपाट्याने उठू लागल्या आणि सामान्य माणसाचे घरभाडे त्याच झपाट्याने वाढू लागले. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्को शहराने मोठ्या कचेऱ्या बांधणाऱ्यांवर घरे उभारण्याच्या कामी वाटा उचलण्याची जबाबदारी टाकली. १९८३ च्या अखेरीस बोस्टन शहराने असा नियम केला की, एक लाख चौरस फुटांहून मोठी व्यापारी इमारत बांधणाऱ्याने त्या मर्यादेपुढील प्रत्येक चौरस फुटामागे पाच डॉलर घरांसाठी द्यावेत आणि ते बारा वर्षांत हप्त्याने द्यावेत. हा पैसा शहराच्या सर्वसाधारण खजिन्यात न मिसळता घरांसाठी असलेल्या स्वतंत्र विश्वस्त निधीत ठेवण्याची व्यवस्थाही बोस्टनने केली. कराचा पैसा कोठेही खर्च होऊ शकतो; अशा आकाराचा पैसा ज्या कारणासाठी घेतला त्याच कारणासाठी खर्च झाला पाहिजे. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावा.

आकाराचा दर कसा ठरवतात, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, एका शहरात ५०,००० चौरस फुटांचे व्यापारी संकुल व्हावयाचे आहे. दर २५० चौरस फुटांमागे एक माणूस कामास लागतो असे धरले, तर तेथे २०० माणसे काम करतील. त्यांपैकी ८० जण शिपाई, हमाल, झाडूवाले, पहारेकरी व दुकानांतील मदतनीस अशा कमी पगाराच्या कामांवर असतील. एका घरात दोघे कमावते धरले, तर ही ४० कुटुंबे झाली. साध्या घरास १२ लाख रुपये खर्च येतो आणि असे कुटुंब हप्त्याहप्त्याने ८ लाखांपर्यंतच देऊ शकते असे माना. म्हणजे प्रत्येक घरामागे ४ लाखांची तूट. चाळीस घरांची तूट १ कोटी ६० लाख. तिला ५०,००० ने भागले की दर चौरस फुटास ३२० रुपये येतात. ही झाली हिशेबाने निघणारी कमाल मर्यादा. सगळा भार एकट्या बांधणाऱ्यावर टाकणे योग्य नव्हे. म्हणून शहर त्यातील एखादा हिस्सा, समजा एक-चतुर्थांश, म्हणजे ८० रुपये आकारील आणि उरलेली तूट सरकारी अनुदान, कमी व्याजाचे कर्ज किंवा शहराच्या मालकीची जमीन यांतून भरून काढील. त्रैराशिक व सरासरी ज्याला येते त्या सातवीच्या मुलालाही हा हिशेब करता येईल.

हा हिशेब करणे केवळ सोयीचे नसून आवश्यकही आहे. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहराने १९८९ साली असा आकार बसविला तेव्हा बांधकाम व्यावसायिकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. व्यापारी इमारतीमुळे कमी पगाराचे कामगार शहरात येतात व त्यांना घरे लागतात, हा संबंध शहराने अभ्यासाने दाखवून दिला असल्यामुळे अपील न्यायालयाने १९९१ साली तो आकार कायम ठेवला. आकार मनास येईल तसा बसवता येत नाही. कारण आणि प्रमाण ही दोन्ही दाखवावी लागतात. अन्यथा आकार आणि खंडणी यांत फरक तो काय राहिला?

या उपायावर आक्षेपही घेतले जातात आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला आक्षेप असा की, बांधणारा हा बोजा स्वतः सोसणार नाही. तो दुकानदारावर टाकील, दुकानदार गिऱ्हाइकावर टाकील आणि शेवटी पुन्हा गरिबाच्याच खिशास चाट बसेल. यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. आकाराचा दर आधीपासून जाहीर असेल तर बांधणारा जमीन घेतानाच तो हिशेबात धरतो आणि जमिनीस तेवढी किंमत कमी देतो. मग बोजाचा मोठा भाग जमिनीच्या मालकाच्या वाढीव फायद्यातून जातो. ऐनवेळी लादलेला आकार मात्र खरोखरच घातक ठरतो. दुसरा आक्षेप असा की, आकार जास्त झाला तर उद्योग शेजारच्या गावी निघून जाईल. हेही खरे आहे. म्हणून दर माफक असावा व लहान दुकानदारास त्यातून सूट असावी. बोस्टनने एक लाख चौरस फुटांची मर्यादा ठेवली ती याच विचाराने. तिसरा आक्षेप असा की, व्यापार मंदावला की नवी बांधकामे थांबतात व निधीचा झराच आटतो, पण घरांची गरज आटत नाही. म्हणून केवळ या एकाच झऱ्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही, हे मान्यच केले पाहिजे.

आकार नेहमी रोख पैशातच घेतात असे नाही. तो जमिनीच्या रूपानेही घेता येतो. याचा दाखला पुन्हा मुंबईचाच आहे आणि तो अधिक कटू आहे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन धूर नसलेल्या धुराड्यांखाली पडून राहिली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिच्या वाटपाची रीत ठरवून दिली. गिरणीची जमीन विकसित करावयाची असेल तर ढोबळमानाने एक-तृतीयांश शहरास मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश गृहनिर्माण मंडळास म्हणजे म्हाडास घरांसाठी आणि एक-तृतीयांश मालकास, अशी ती वाटणी होती. उद्योग गेला, पण ज्यांनी तो चालवला त्यांना त्या जमिनीत छप्पर मिळेल, असे या नियमाने वाटले.

परंतु २००१ साली हा नियम बदलण्यात आला. वाटणी आता सगळ्या जमिनीची न होता केवळ मोकळ्या असलेल्या जमिनीची व्हावयाची होती. गिरणीच्या आवारात इमारतींनी व्यापलेली जागाच अधिक. मोकळी जागा ती किती असणार? एका शब्दाच्या फरकाने शहराचा आणि घरांचा वाटा कितीतरी आक्रसला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य ठरवला. त्या जमिनींवर कचेऱ्या, मॉल आणि श्रीमंतांचे मनोरे उभे राहिले. गिरणी कामगार व त्यांच्या वारसांच्या संघटनांनी लढा सोडला नाही, म्हणून म्हाडाने त्यांच्यासाठी घरे बांधली. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. २०१६ व २०२० मध्येही सोडती झाल्या. मात्र अर्ज दीड लाखाहून अधिक होते. संपाच्या वेळी तिशीत असलेला कामगार पहिल्या सोडतीच्या वेळी साठी गाठून बसला होता. कित्येक अर्जांवर कामगाराऐवजी त्याच्या पत्नीचे किंवा मुलाचे नाव होते. कायद्याच्या पुस्तकातील एक शब्द बदलला की माणसाच्या आयुष्याची किती वर्षे बदलतात, हे समजण्यासाठी याहून निराळा धडा नको.

आता आपल्या मुलखाकडे वळू. कर्नाटकातही या विचाराचे बीज कायद्यात आहे. कर्नाटक नगर व ग्रामनियोजन अधिनियम, १९६१ याच्या १८-अ या कलमान्वये, जमिनीच्या किंवा इमारतीच्या विकासास परवानगी देताना नियोजन प्राधिकरणास मालकाकडून काही उपकर व अधिभार घेता येतात. पाणीपुरवठा, वर्तुळाकार मार्ग आणि जलद वाहतूक यांच्या जोडीस झोपडपट्ट्यांची सुधारणा हेही एक कारण त्या कलमात नमूद आहे. बेळगावात हे नियोजनाचे काम ज्या नगरविकास प्राधिकरणाकडे आहे, त्याला आपण सगळे ‘बुडा’ या नावाने ओळखतो. म्हणजे एखादे मोठे बांधकाम परवानगीसाठी येते, त्या वेळी गरिबांच्या वस्तीचा वाटा मागण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे. नागरिकांनी पाहावयाचे ते इतकेच की, तो वाटा किती जमला, तो वेगळा राखला गेला की इतर पैशात मिसळला, आणि त्यातून कोणत्या गल्लीत पाण्याचा नळ, गटार किंवा पक्के छप्पर आले. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून अमलात आहे. हे प्रश्न विचारण्यास पुढारी असावे लागत नाही. एक साधा अर्ज पुरतो.

येथे कोणी म्हणेल की, शाळकरी मुलांना या गोष्टींशी काय कर्तव्य? आमचे म्हणणे असे की, त्यांनाच सर्वांत अधिक कर्तव्य आहे. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांचे वडील कारखान्यात आणि आई दुसऱ्याच्या घरी किंवा लहान उद्योगात कामास जाते. भाडे वाढले की बिऱ्हाड हलते. बिऱ्हाड हलले की शाळा दूर पडते. शाळा दूर पडली की प्रथम मुलीचे नाव कमी होते. शिक्षकाच्या हजेरीपटावर ‘गाव सोडले’ असा शेरा पडतो, त्यामागे पुष्कळदा दहा बाय दहाच्या खोलीचे न परवडलेले भाडेच असते. म्हणून घराचा प्रश्न हा शाळेचाही प्रश्न आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत एक काम करा. आपल्या गल्लीतील भाड्याने राहणाऱ्या पाच कुटुंबांना, त्यांची परवानगी घेऊन व नावे न लिहिता, तीन गोष्टी विचारा: महिन्याची कमाई किती, भाडे किती, आणि कामाचे ठिकाण किती दूर. भाड्यास कमाईने भागा व शंभराने गुणा. जे पाच आकडे येतील ते एकाखाली एक मांडा आणि घरी आईवडिलांना दाखवा. उद्या आपल्या रस्त्यावर एखाद्या मोठ्या इमारतीचा फलक लागला, तर हे आकडे त्या फलकासमोर धरता येतील. गासडीमागे एक रुपया मागणाऱ्यांनी निदान हिशेब तरी मांडला होता. आपल्या गावाचा हिशेब आपणच मांडावयास हवा.